धुऱ्यावर ठेवलेला भारा

धान कापायला आलं की आमच्या गाडीचा वास बदलतो. एरवी वर्षभर डिझेल, घाम आणि कुणाच्या तरी पिशवीतली सुकी मासोळी एवढंच नाकात असतं. कार्तिक लागला की सावलीचा स्टँड सोडल्याबरोबर दोन्ही बाजूंच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, कापलेल्या धानाचा वास उघड्या खिडक्यांतून आत येतो. ओलसर, जरा गोडूस, घशाशी किंचित खरखरणारा. धुऱ्यांवर, म्हणजे खाचरांमधल्या बांधांवर, तुरी फुललेल्या असतात. त्या हिरव्या-पिवळ्या रांगांमधून बायकांची लुगडी वाकतात, उठतात, पुन्हा वाकतात. मी दाराशी खांद्यानं टेकून उभा असतो आणि बघत असतो. बावीस वर्षं कंडक्टर आहे मी. बघण्याची सवयच लागते. कोण कुठे चढलं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या घरी पाहुणे येऊ घातलेत, हे न विचारता कळतं. निदान कळतं असं मला फार दिवस वाटायचं.

याच दिवसांत आमच्या गावात बेबीबाईच्या चहाटपरीवर गप्पांना ऊत येतो. विषय एकच, यंदा मंडळानं कोणत्या पोरी घ्यायच्या. परवा संध्याकाळी ड्यूटी संपवून टपरीच्या बाकावर बसलो, तर चार जणांनी एकदमच विचारलं, "कंडक्टरभाऊ, यंदा कोन?"

मी म्हटलं, "मले नाई मालूम."

बेबीबाईनं चहा गाळता गाळता मान वर केली आणि म्हणाली, "तब्येत बरी हाये ना, भाऊ?" सगळे हसले. मीही हसलो, पण चहा काही नीट गेला नाही.

बाहेरच्या माणसाला हे सगळं सांगावं लागेल. आमच्या भागात पोरींची कबड्डी मोठी. पोरांचाही संघ आहे, पण तो हरतो आणि हरून आला की मैदानाला दोष देतो, म्हणून त्याचं कुणी मनावर घेत नाही. पोरींचं तसं नाही. आमच्या रस्त्यावरच्या सात गावांची सात मंडळं आहेत. संक्रांतीपासून होळीपर्यंत दर रविवारी सामने होतात, ट्रॅक्टर भरभरून माणसं जातात, सासरी गेलेल्या पोरी त्यासाठी माहेरी येतात. फार पूर्वी मोठी गावं चांगल्या पोरी आधीच गाठून ठेवायची आणि लहान गावांच्या वाट्याला काही उरायचं नाही. म्हणून जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली. मार्गशीर्षातल्या एका रविवारी आसपासच्या सगळ्या गावांतल्या आणि टोल्यांवरच्या, म्हणजे आतल्या लहान वस्त्यांवरच्या, नव्या पोरी, अठराच्या आतल्या, आमच्या शाळेच्या मैदानावर एका रांगेत उभ्या राहतात. समोर चुन्याची रेषा. मागच्या वर्षी जे मंडळ सगळ्यांत शेवटी राहिलं, त्याची पहिली हाक. अध्यक्ष उभा राहून पोरीचं नाव खणखणीत घेतो, पोरगी रेषा ओलांडते, आणि त्या पावलापासून ती त्या मंडळाची होते. मग शेवटून दुसऱ्याची हाक, मग तिसऱ्याची. अशा दोन फेऱ्या, चौदा हाका. त्या दिवशी कुणी खेळून दाखवत नाही. खेळ आधीच पाहिलेला आहे, असं धरूनच हाक मारायची असते.

हाकेचं मोल कबड्डीपुरतं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. हाक आलेल्या पोरीला मंडळाच्या गावात राहायला खोली मिळते, जेवण घरोघरी वाटून दिलेलं असतं, आणि सावलीच्या कॉलेजात बारावीपर्यंत शिकवण्याची जबाबदारी मंडळाची. रस्त्याकाठच्या पोरींना त्याचं एवढं काही वाटत नाही. वैनगंगेकडच्या टोल्यांवरची गोष्ट वेगळी. तिथे दहावीनंतरची वाट ठरलेली. पौषात जीप येते, बिऱ्हाडच्या बिऱ्हाड तीत बसतं आणि तेलंगणात मिरची तोडायला जातं. उन्हाळ्यात परत येतं. तोवर सामने संपलेले असतात आणि परीक्षाही.

तीन वर्षांपूर्वी आमचं मंडळ शेवटून पहिलं आलं. सहाच्या सहा सामने हरलो. गाडीत आमच्या गावाचं नाव घेऊन कुणी उतरायला उठलं की मागच्या सीटवरून "पडलेलं गाव आलं रे" अशी आरोळी यायची. पण त्याच फजितीमुळे कित्येक वर्षांनी पहिली हाक आमच्याकडे आली होती. त्या वर्षीचा कार्तिक मला अजून आठवतो. सकाळी दव इतकं पडायचं की सीटच्या दांड्या ओल्या लागायच्या. टपरीवर भज्याचा घाणा उतरायचा नाही. ज्यांना घरात बायको बोलू देत नाही अशी माणसंही तिथे येऊन चढाई आणि पकड यांवर भाषणं ठोकायची.

नावं दोनच होती. एक रस्त्यावरच्या गावातली प्रणाली. उंच, लांब टांगांची. चढाईला गेली की उभ्या उभ्या पायानं गडी टिपायची. शाळेच्या स्पर्धांतून तिचं नाव झालेलं होतं. दुसरी टोल्यावरची मनीषा. ही बुटकी, खांद्यानं रुंद, कोपऱ्यात खेळणारी. तिच्या शाळेचा संघ तालुक्याला पहिल्याच सामन्यात हरला होता, त्यामुळे तिला खेळताना फारसं कुणी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं एकट्या सलीमभाईंनी.

सलीमभाई आमचे शिंपी. सातही मंडळांच्या जर्स्या त्यांच्याच मशीनवर शिवल्या जातात, त्यामुळे ते कुणाचे आणि कुणाचे नाहीत, असा प्रश्न नेहमी असतो. पण मनानं ते आमचेच. त्या तालुक्याच्या सामन्याला ते शाळेच्या जर्स्या पोचवायला गेले आणि सामना पाहत थांबले. टपरीवर त्यांनी आपला मोबाइल सगळ्यांपुढे फिरवला. हललेला, धुरकट व्हिडिओ. बुटकी पोरगी एका थोराड चढाईवालीच्या घोट्याला धरून बसली होती आणि ती तिला अर्धं मैदान ओढत नेत होती.

"एकदा पाय धरला त सोडतच नाई," सलीमभाई म्हणाले. "चढाईवाली कुठीबी भेटते. असा कोपरा भेटत नाई. यादवरावभाऊ, पहली हाक इसी की मारो."

यादवरावभाऊ म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. सज्जन माणूस, पण निर्णय घ्यायची वेळ आली की सुपारी कातरत बसायचा. ते म्हणाले, "पहिली हाक हाये, राजेहो. वाया गेली त वर्षभर लोक हासतीन." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. कारण सातही गावांतून रोज दोनदा जाणारा माणूस मीच होतो. कुणाची पोरगी आजारी आहे, कुणी खेळ सोडला, कुणाचं लग्न जुळतंय, या बातम्या माझ्याच गाडीतून यायच्या. मंडळात मला पद नव्हतं, पण शब्द होता. त्या शब्दाची मला चटक लागली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्याकडे पोरगी पारखायची एक जुनी पद्धत आहे. कापणी झाली की धानाचे भारे बांधून डोक्यावरून खळ्यापर्यंत न्यावे लागतात. अरुंद धुऱ्यावरून, आठ-दहा जणींनी रांगेनं. जी पोरगी बांधीपासून खळ्यापर्यंत भारा एका दमात नेते, ती चढाईतही दम राखते. जी मध्येच भारा खाली ठेवते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. आमच्या बापजाद्यांनी असंच पाहिलं आणि आम्हीही तसंच पाहत आलो. प्रणालीला मी दोन दिवस पाहिलं. धुऱ्यावरून भारा घेऊन अशी निघाली की मागच्या बाया तिला हळू चाल म्हणून ओरडल्या. राहिली मनीषा.

ती त्या हंगामात रस्त्यालगतच्याच एका शेतावर कामाला होती. आमचा एक थांबा अगदी त्या शेतासमोर आहे. नुसता दगड रोवलेला, त्यावर गावाचं नाव. गाडी तिथे दोन-तीन मिनिटं उभी राहते.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी मनीषाची आई सुमनबाई त्या थांब्यावर गाडीत चढली. एका हातानं दांडी, दुसऱ्यानं गुडघा धरून. मी सवयीनं म्हटलं, "लवकर चढा बाई, मागं गाडी हाये." ती चढली, जागा मिळाली नाही म्हणून माझ्याजवळच उभी राहिली आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "भाऊ, मंडळवाले तुमचं आयकतात म्हनते. माह्या पोरीचं पाहजा जरा. हाक आली त तिले मिरचीले नेत नाई मी. तिच्या बापाले तसं कबूल करून घेतलं हाये."

"पाहतो ना बाई," मी म्हणालो. आणि खरंच पाहिलं.

पहिल्या दिवशी गाडी थांबली तेव्हा धुऱ्यावर भारेवाल्यांची रांग चाललेली. मनीषा मधोमध होती. अर्ध्या धुऱ्यावर कापलेल्या मोहाचं छातीएवढं खोड होतं. तिथपर्यंत ती आली, भारा त्या खोडावर टेकवला आणि पाठ फिरवून परत बांधीकडे निघाली. तिच्या पुढच्या बाया खळ्याकडे गेल्या, मागच्या तिला ओलांडून गेल्या. ती तुरीच्या रांगेआड दिसेनाशी झाली. मी घंटी मारली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला म्हटलं, थांब जरा, आणि मिनिटभर जास्त थांबवली गाडी. तिसऱ्या दिवशीही तिनं भारा त्याच खोडावर ठेवला आणि ती मागे फिरली. फिरताना एकदा गाडीकडे पाहिलं. मला वाटलं, कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून पाहतेय.

त्या संध्याकाळी मी टपरीवर सांगितलं, "पोरगी भारा मधातच ठेवते. तीनदा पाह्यलं. दम नाई."

झालं. सुपारी कातरणारा अडकित्ता थांबला. यादवरावभाऊंनी मान डोलावली. सलीमभाई एकटेच म्हणाले, "काऊन ठेवते ते विचारलं का? टोल्यावर जाऊन आलं का कोनी?"

आम्ही हसलो. टोला नदीकडे, आत, कच्च्या वाटेनं. तिथे कोण जाणार? मी म्हटलं, "सलीमभाई, मोबाइलमध्ये सगळेच पैलवान दिसतात. मी डोळ्यानं पाह्यलं हाये." हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं. टपरीलाही आवडलं. बेबीबाईनं माझ्या कपात आपणहून आणखी घोटभर चहा ओतला.

इथवरची चूक एका मंडळाची होती. ती तिथेच राहती तर मनीषाचं फारसं बिघडलं नसतं, सहा मंडळं अजून बाकी होती. पण मी कंडक्टर. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी त्यांच्या मंडळाचा माणूस खिडकीशी आला आणि त्यानं विचारलं, "त्या टोल्यावरच्या पोरीचं कसं काय, भाऊ?" मी म्हणालो, "भारा मधात ठेवते," आणि घंटी मारली. त्याच्या पुढच्या गावी तेच. मला काही डाव साधायचा नव्हता. कुणी विचारलं तर सांगायचं, एवढंच. तीन शब्द, दोन घंट्यांच्या मध्ये बसतील इतके. आठ दिवसांत ते सात गावांत पोचले. कुठून आले, हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आमच्याच टपरीवर मला एकानं सांगितलं, "अजी, ते मनीषा त भारा मधात ठेवते म्हनते." मी मान हलवली. माझंच बोलणं बाहेरून फिरून आलं होतं आणि मला ते आणखी खरं वाटलं.

हाकेचा रविवार उजाडला. मैदानावर चुन्याची रेषा, रेषेपलीकडे सोळा पोरी. कुणाच्या अंगात शाळेचा गणवेश, कुणी भावाचा टी-शर्ट घातलेला. यादवरावभाऊंनी घसा साफ केला आणि प्रणालीचं नाव घेतलं. टाळ्या, ताशा, प्रणालीच्या बापाच्या डोळ्यांत पाणी. मग दुसरी हाक, तिसरी. मनीषा रेषेला अगदी चिकटून उभी होती. एका पावलात ओलांडता यावी म्हणून असेल. पहिली फेरी संपली. दुसऱ्या फेरीत आम्ही एका किडकिडीत पोरीला हाक मारली, जिला आमच्यापैकी कुणी धड ओळखतही नव्हतं. चौदा हाका संपल्या. दोघी उरल्या. त्यातली एक हसून आईकडे पळाली. मनीषा उभीच राहिली. रांग राहिलीच नव्हती, पण ती रांगेत उभी होती. आता कुठे जायचं हे तिला कळत नसावं. शेवटी सुमनबाई लंगडत आली आणि तिच्या दंडाला धरून घेऊन गेली. जाताना माझ्यासमोरून गेल्या. सुमनबाई मला म्हणाली, "येतो, भाऊ." त्यात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या वर्षी आम्ही तिसरे आलो. प्रणाली चांगलीच खेळली. तिच्यात काही खोट नव्हती, आजही नाही. ती आता नागपूरला शिकते आहे आणि कुठे भेटली की वाकून नमस्कार करते. म्हणजे माझा सल्ला फळाला आला होता. होळीच्या दिवशी मला टपरीवर गुलाल लावून खांद्यावर घेतलं. माझ्या चुकीबद्दल मला कुणी कधी एक शब्द बोललं नाही, कारण ती चूक आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

मधल्या पौषातली एक सकाळ मात्र राहून राहून आठवते. आमची गाडी थांब्यावर उभी होती आणि मिरचीची जीप भरून समोरून आली. टपावर बोचकी, भांडी, एक सायकल. मागच्या फळीवर पाय बाहेर सोडून मनीषा बसली होती, मांडीवर लहान बहिणीचं डोकं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिकिटाच्या मशीनमध्ये डोकं घातलं. एकही उतारू नवीन चढलेला नव्हता, तरी मी बटणं दाबत राहिलो. आतून कुठेतरी कळलं असेल का मला त्याच वेळी? कळलं असेल तर मी ते तिथल्या तिथे दाबून टाकलं. माणूस स्वतःपासूनही किती सहज तोंड फिरवतो.

पुढचे दोन हंगाम असेच गेले. मी पोरी पारखत राहिलो, टपरी ऐकत राहिली. सलीमभाई मात्र माझ्याशी कबड्डीवर बोलायचे बंद झाले. शर्टाचं माप घ्यायचे, मुलाबाळांची चौकशी करायचे, हाकेचा विषय निघाला की मशीन सुरू करायचे.

आणि मग हा कार्तिक. आठ दिवस झाले असतील. त्याच दगडी थांब्यावर गाडीचं मागचं चाक बसलं. ड्रायव्हर जॅक काढू लागला, उतारू सावलीसाठी पांगले. मला तहान लागली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या धुऱ्यावर पाय ठेवला आणि तुरीच्या रांगेला वळसा घालून बांधीच्या टोकाशी गेलो.

तिथे सुमनबाई जमिनीवर पाय लांब करून बसली होती आणि बसल्या जागी भारे बांधत होती. दोन बाया बांधलेला भारा उचलून एकेकीच्या डोक्यावर देत होत्या. रांग निघण्याच्या तयारीत होती. मनीषा सगळ्यांच्या पुढे. ओळखू आली ती खांद्यांवरून. तिच्या डोक्यावर भारा दिला गेला, ती जवळजवळ पळत त्या खोडापर्यंत गेली, भारा टेकवला आणि रिकाम्या हातांनी परत पळत आली. रांगेतल्या शेवटच्या बाईचा भारा अजून उचलायचा होता. तोवर ही पोचली. उचलून देणाऱ्या दोघींनी तिच्या डोक्यावर दुसरा भारा ठेवला आणि त्याही आपापले भारे एकमेकींना देऊन-घेऊन निघाल्या. मनीषा तो दुसरा भारा घेऊन खोड ओलांडून थेट खळ्यावर गेली. बाकीच्या खळ्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या. ती न थांबता अर्ध्या धुऱ्यावर परत आली, खोडावरच्या भाऱ्याखाली आपणच डोकं घातलं, गुडघ्यांतून उठली आणि तोही घेऊन गेली. कुणाच्या हाताशिवाय.

मी तिथेच उभा राहिलो. पाणी मागायचं राहून गेलं.

"दोन भारे?" मी सुमनबाईला विचारलं. "असं कधीपासून चालू हाये?"

"माहा गुडघा गेला तवापासून," ती हातातली गाठ आवळत म्हणाली. "चार वर्षं झाले. मी भारा उचलत नाई म्हटलं त टोळीत कोन घेईन मले? म्हनून माहा भारा तेच नेते. रांग निघून गेल्यावर उचलून द्याले कोनी राहत नाई ना, म्हनून एक आधी मधात नेऊन ठेवते. तिची तिनंच काढली हे रीत."

चार वर्षं. मी तीन वर्षांपूर्वीचे ते तीन दिवस मनात मोजले. गाडीतून दिसलेला तो अर्धा धुरा, अलीकडे तूर, पलीकडे तूर, आणि मध्ये ती दोन मिनिटं. जी पोरगी दोघींचं ओझं एकटी वाहत होती, तिला मी सात गावांत बिनदमाची ठरवलं होतं. ते करायला मला तीन शब्द पुरले.

मनीषा पाणी प्यायला आली. वीस वर्षांची झालीय आता. अठरा उलटली की नव्या पोरींच्या रांगेत उभं राहता येत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. तिनं तांब्या आधी माझ्यापुढे धरला. मी घेतला, पण प्यालो नाही.

"पोरी," मी म्हणालो, "तू भारा मधात ठेवते, असं सगळीकडं मीच सांगतलं होतं. माहं चुकलं. लय मोठं चुकलं."

तिनं पदरानं मानेवरची धानाची कुसं झटकली.

"मले मालूम हाये, भाऊ," ती म्हणाली. "तवाच समजलं होतं." मग तिनं तुरीच्या आतल्या बाजूला हात केला. "तिथी ते वारूळ हाये ना, त्याच्यावर भारा ठेवाले सोपं होतं. जवळ पडे. पन तिथून तुमची गाडी दिसत नाई. आईनं सांगतलं होतं का कंडक्टरभाऊ पाहीन म्हनते. म्हनून मी ते तीन दिवस लांब खोडापर्यंत आनून ठेवला. म्हटलं, दोन नेते हे तुमाले दिसू दे. मंग सवयच पडली."

तिकडे ड्रायव्हरनं हॉर्न दिला, चाक बदलून झालं होतं. उतारू गाडीत चढायला लागले होते, कुणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं. मी तांब्या तिच्या हातात परत दिला आणि निघालो. चार पावलं गेलो असेन, तिनं मागून आवाज दिला.

"भाऊ, माही लहानी बहीण यंदा रांगेत उभी राहनार हाये. रोशनी. तेबी इथीच कामाले हाये."

"पाहतो," माझ्या तोंडून सवयीनं गेलं, आणि मी ओठ चावला.

"पाहजा," मनीषा म्हणाली. "पन गाडी पंचर नसन तवाबी उतरून पाहजा."